मेथीखालचे कवेलू

ती घटना आठवली की आजही मला आधी भिजलेल्या पांढऱ्या मातीचा वास येतो आणि मग स्वतःचाच राग येतो. पोलीस खात्यात तीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, चांगल्या घरची माणसं खोटं बोलताना पाहिली. त्यातलं बरंचसं आता विसरलो. पण एका भाजीवालीचा खटला, ज्यात चोरीला काहीच गेलं नव्हतं, तो काही केल्या डोक्यातून जात नाही.

गाव वाशीमकडच्या भागातलं, बऱ्यापैकी बाजारपेठेचं. नाव सांगत नाही. माणसांचीही सांगणार नाही, त्यांची नातवंडं तिथं नांदत असतील. पहिलं महायुद्ध सुरू व्हायला अजून अवकाश होता. मी नवाकोरा फौजदार होतो आणि कायद्याची कलमं तोंडपाठ असल्याचा मला भारी तोरा होता.

आदल्या हिवाळ्यात गावात गाठीचा ताप शिरला. आधी उंदीर पडले, मग माणसं पडली. तेव्हाची रीत अशी की म्युनिसिपालिटी घरं रिकामी करवून लोकांना गावाबाहेरच्या माळावर झोपड्यांत नेऊन ठेवायची आणि घरांवरची कौलं उतरवायची. आत ऊन पोचलं की रोग मरतो, असं डॉक्टर लोक सांगत. या कौलांना वऱ्हाडात कवेलू म्हणतात. अर्ध्या नळीसारखे असतात, कुंभारानं हातानं केलेले. साऱ्या गावाचे कवेलू गाड्यांत भरून एका आवारात नेऊन रचले. कोणते कुणाच्या घराचे, हे कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिणार तरी कोण? निम्मे कारकून स्वतःच बिऱ्हाड घेऊन माळावर होते.

म्युनिसिपालिटीला नावं ठेवणं सोपं असतं. मी ठेवणार नाही. तिथले सेक्रेटरी म्हणजे एक काटकुळे, कायम पोटाची तक्रार असलेले गृहस्थ. छत्री घेऊन दिवसातून दोनदा माळावर फिरायचे. बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांची झोपडी प्रत्येकाला मिळाली होती, पाण्याची गाडी वेळेवर यायची, ज्याला कुणीच उरलं नाही त्याला शिधा मिळायचा. "फौजदारसाहेब, या गावातला एक माणूस उघड्यावर नाही," असं ते मला भेटतील तेव्हा सांगत. ते खरंही होतं.

उन्हाळा चढला, ताप ओसरला. मग हुकूम निघाला: घरागणिक मोजून कवेलू परत न्यावेत आणि मृगाच्या आत माळ रिकामा करावा. ज्याचं घर तयार नसेल त्यानं नातलगाकडे जावं. नातलग नसेल तर धर्मशाळेत तीन दिवस, पुढं ज्याचं त्यानं पाहावं. लोकांनी आपापल्या अंगणात कवेलूंचे ढीग लावले आणि चढवायला माणूस मिळायची वाट पाहू लागले.

अशात एका सकाळी गावातले एक वजनदार जमीनदार तावातावानं ठाण्यात आले.

"फौजदारसाहेब, आमच्या अंगणातले कवेलू कोणी तरी बदलून राह्यलं."

"बदलून? म्हणजे चोरून?"

"चोरून नाई जी, बदलून! चार जातात, चार येतात. गिनती बरोबर भरते. पण आलेले पाहा ना, काळेकुट्ट! मेलेल्याच्या घरचे हायेत ते."

आमचे जमादार रोजनामचा उघडून बसले होते. वयानं माझ्या वडिलांएवढे, इथल्याच मातीतले. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि माझ्याकडे पाहिलं. "सायब, लिहू काय? काय गेलं म्हनून लिहू?"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. चार दिवसांत अशा पाच-सहा तक्रारी आल्या. गावात आवई उठली की कुणीतरी ताप पुन्हा आणण्यासाठी मेलेल्या घरांचे कवेलू धडधाकट घरांवर चढवतंय. कुणी करणी म्हणालं, कुणी परगावच्या माणसाचं नाव घेतलं. ज्या गावानं घरटी माणूस पुरलेलं-जाळलेलं असतं, त्या गावाला शहाणपण शिकवायला जाऊ नये. "सापडू द्या, हातपाय मोडून टाकू," असं चांगली शांत माणसं बोलू लागली. आता ही थट्टा राहिली नव्हती.

पहिला संशय कवेलू फेरणाऱ्यावर गेला. दर उन्हाळ्यात घरावरचे कवेलू काढून, झाडून, फुटके बदलून पुन्हा लावणारा हा माणूस. सगळ्या अंगणांत त्याचीच ये-जा. त्याला ठाण्यात आणून मी दम भरला. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, पुस्तकात नव्हतं तेही सांगून पाहिलं. तो उकिडवा बसून ऐकत राहिला.

"झालं काय, सायब?" तो शांतपणे म्हणाला. "आता माह्यासंगं चाला. दाखवतो."

जमीनदाराच्या अंगणात त्यानं काळा कवेलू उचलला आणि ढिगातल्या दुसऱ्या एकावर ठेवला. चपखल बसला. मग ढिगातलाच तिसरा घेऊन ठेवला, तर तो डुगडुगला.

"कुंभार वेगळा, साचा वेगळा. एकाचं तोंड रुंद, एकाचं निमुळतं. मिसळ केली का पानी आत येते, अन् पानी आलं का मातीची भित खाली बसते. हा काळा हाय ना, हा याच घरचा हाय जी. यांच्या सैपाकघरावरचा. धुपटानं काळा झाला."

जमीनदार म्हणाले, "कायले काहीही सांगतं बे? माह्या घरचा कवेलू मले वळखू येत नाई?"

"तुमी कधी वर पाह्यलं, मालक?"

मी त्याला बाजूला घेतलं. तो हळू आवाजात म्हणाला, "सायब, हे चोरी नाई. जो कोनी हाय, तो ज्याचा त्याले देऊन राह्यला. त्याच्या बदल्यात आपला घेऊन राह्यला."

असा चोर मी पुस्तकात वाचला नव्हता. आता प्रश्न उरला तो एवढाच की साऱ्या गावाची छपरं ओळखणारं माणूस कोण.

ते सापडलं जमादारांना, आणि तेही विडी ओढता ओढता. ठाण्याच्या ओट्यावर आम्ही दुपारचे बसलो होतो. समोरून डोक्यावर पाटी घेऊन एक माळीण चालली होती. जमादारांनी विडी खाली टाकली. "मेथी घेऊन बाई अशी चालत नाई, सायब. मान पाहा तिची. पाटा-वरवंटा घेतल्यावानी धरून राह्यली."

आम्ही अंतर ठेवून मागे गेलो. ती एका सुनसान अंगणात शिरली, पाटी उतरवली, मेथी बाजूला केली. खालून चार कवेलू काढून ढिगावर ठेवले, ढिगात बराच वेळ शोधून चार उचलले. उचललेला प्रत्येक पदरानं पुसला. मग मेथी नीट पसरली आणि वळली, तो समोर आम्ही.

"अगं माय!" एवढंच ती म्हणाली.

दोन पंच बोलावले, पंचनामा केला: चार कवेलू, मेथीच्या सहा जुड्या, एक पाटी. ठाण्यापर्यंत येईतो मागे पन्नास माणसं जमली होती. कुणीतरी दगड मारला, तो जमादारांच्या पाठीला लागला. मी दार लावून घेतलं.

बाई चाळिशीची असेल. गावाच्या कडेच्या मळ्यात वांगी, मेथी, कांद्याची पात लावायची आणि दारोदार विकायची. नवरा या तापातच गेलेला. मूलबाळ नाही. मी विचारलं, "हे का करत होतीस?"

"कावून म्हंजे? मले घर पाह्यजे, सायब."

"म्युनिसिपालिटीनं तुला कवेलू मोजून दिले ना?"

"देल्ले ना. गिनती देल्ली, घर कुठं देल्लं? साऱ्या गावाची मिसळ माह्या अंगनात आनून टाकली. लावून पाह्यली. आतून पाहा, चाळनीवानी उजेड दिसते. मृग लागला का माळावरची झोपडी मोडनार. मंग म्हनतात, केनवडले भावाकडे जाय. भाऊ चांगला हाय जी माहा, नाई म्हननार नाई. पन भावाच्या घरी मी कोन? पावनी. मले पावनी होऊन मरायचं नाई."

"सगळ्या गावाचे कवेलू तुला ओळखू कसे येतात?"

तिला या प्रश्नाचं नवल वाटलं. "वीस वर्सं साऱ्यायच्या वळचनीखाली उभी राहून भाजी इकली. बाया भाव करत बसतात, मंग मी काय करू? वर पाहत राह्यते. कोनाचं छप्पर कसं, मले मुखपाठ हाय. ज्याचा त्याले देल्ला, माहा मी घेतला. फुकटचा एक नाई घेतला, तुमची आन."

मग तिनं टेबलावरचा एक कवेलू ओढून घेतला आणि उलटा केला. पाठीवर तीन बोटांच्या ओढी होत्या, वरपासून खालपर्यंत, शेवटी जराशा डावीकडे वळलेल्या.

"केनवडच्या कुंभारानं केले हे. पन वल्ल्या मातीवर हात फिरवाचं काम माह्या मालकानं केलं. आमचं नवं लगन होतं. पंधरा दिवस तो तिथं राबला. त्याचा हात असा वळे डावीकडे. लहानपनी मोडला होता ना." तिनं त्या खाचांवर बोटं ठेवली, पण तिची बोटं बारीक होती, खाचांत हलत होती. "दुपारी कामाहून आली का मी खाली पडो अन् वर पाहो. वर सारे त्याचेच हात. आता माळावर पडते तं वर तट्ट्या दिसतात. मले माह्या घरात एक डाव दुपारची झोप घेऊ द्या, सायब. मंग मले फासावर द्या."

जमादार उठून बाहेर गेले. मी कागदाकडे बघत राहिलो. खरं सांगतो, तिला तिथंच सोडून द्यावं असं मला मनापासून वाटलं. मग मी ते का केलं नाही? बाहेर गर्दी होती. जमीनदाराची लेखी फिर्याद होती. पंचनामा झाला होता. आणि मी नवा होतो. अटक झालेला माणूस मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचा, हे कलम मला पाठ होतं. मॅजिस्ट्रेट म्हणजे तहसीलदार, आणि ते दौऱ्यावर मानोऱ्याला. बैलगाडीनं जाऊन-येऊन चार दिवस. चार दिवस ती गावाबाहेर राहिली तर लोकही शांत होतील, असा मी हिशेब केला आणि त्यातला शहाणपणा मला फार आवडला.

हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा घाबरली. "चार दिवस? सायब, माह्या घरची मागची भित उघडी हाय. तेवढ्याच बाजूचे कवेलू बाकी हायेत. आभाळ आलं का मी धावत जाते अन् भितीवर तट्ट्या टाकते. मी नसली तं कोन टाकन?"

"मी शिपाई पाठवीन."

"रोज?"

"रोज. शब्द देतो."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मान हलवली. जमादार आणि सोबतीला त्यांची बायको, असे तिघं दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं निघाले.

मी त्याच दुपारी सेक्रेटरींकडे गेलो. कवेलू फेरणाऱ्यालाही घेतलं. सेक्रेटरी आधी चिडले. "आम्ही एकूण एक कवेलू परत केलाय, साहेब." मी म्हटलं, "चला, तिच्या घरात उभे राहून वर पाहा." ते आले. आत जाऊन उभे राहिले, छत्री मिटली, मान वर केली. तिनं आपले कवेलू जिथं लावले होते तिथं गडद सावली होती. बाकीच्या बाजूला कुठे उजेडाची भोकं होती, कुठे काहीच नव्हतं. उन्हाचे कवडसे त्यांच्या कोटावर पडले. ते तसेच बाहेर आले. मग शेजारच्या घरात गेले, तिथंही वर पाहिलं. संध्याकाळपर्यंत पंधरावीस घरं झाली. "मृग लागल्यावर निम्मं गाव उघड्यावर येईल," ते खाली बसून म्हणाले, "आणि मी वर अहवाल पाठवून मोकळा झालोय."

दुसऱ्या दिवशी दवंडी दिली: ज्यानं त्यानं आपापले न जुळणारे कवेलू बाजाराच्या मैदानात आणावेत आणि आपले शोधून न्यावेत. लोक येतील का, याची आम्हा दोघांनाही धाकधूक होती. पहिल्यांदा कुणी हात लावेना. मग कवेलू फेरणाऱ्यानं कुंभारागणिक ढीग लावायला सुरुवात केली आणि एक म्हातारी एकदम ओरडली, "हा माहा हाय! याच्या कानाले टवका माह्या लेकानंच पाडला होता!" त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. बाया ढिगांवर बसून आपलं छप्पर हुडकू लागल्या. भांडणं झाली, हशा झाला, मेलेल्यांची नावं निघाली तेव्हा रडारडही झाली. जमीनदारसुद्धा धोतर खोचून काळे कवेलू गोळा करत होते आणि माझी नजर चुकवत होते. मैदान दोन दिवस चाललं. मी ठाण्यातला एकूण एक शिपाई बंदोबस्ताला लावला होता. तीन बोटांच्या ओढीचे कवेलू मी स्वतः वेगळे काढून एका बाजूला रचत होतो. तो ढीग वाढताना पाहून मला इतका आनंद होत होता, की ती आल्यावर तिचा चेहरा कसा होईल हेच मी मनात रंगवत होतो.

पहिल्या दोन दिवसांत शिपाई तिच्या घरी गेला होता. मैदान सुरू झालं त्या दिवशीही सकाळी एकदा डोकावून आला. दुसऱ्या दिवशी कुणालाच पाठवलं नाही. विसरलो. याहून मोठा शब्द वापरून मी ते झाकणार नाही.

त्या दुपारी चारच्या सुमारास आभाळ एकदम भरून आलं आणि अर्धा तास वळवाचा पाऊस झाला. लोक कवेलू डोक्यावर धरून पळाले. मला आठवण झाली तेव्हा मी चिखलातून धावत सुटलो. मागची पांढऱ्या मातीची भिंत आत कोसळली होती. तिच्यासोबत लाकडं आली होती, आणि तिनं चारचार करून आणलेले, लावलेले कवेलू मातीत चुरा होऊन पडले होते.

दुसऱ्या दिवशी ती परतली. तहसीलदारांनी पाच मिनिटांत सोडून दिलं होतं. जमादार सांगत होते की त्यांनी एकच प्रश्न विचारला: चोरीला गेलं काय? ती गाडीतून उतरली ती हसत. वाटेत कुणाकडून तरी तिला मैदानाची हकीगत कळली होती.

मी ठाण्याच्या पायरीवर उभा राहून सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगायला लावलं नाही.

"कोनती भित?" तिनं विचारलं.

"मागची."

"शिपाई नाई आला?"

"नाही. चूक माझी आहे, बाई."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. जमादारांच्या बायकोनं तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं.

सेक्रेटरींनी त्या वर्षी आपलाच हुकूम मोडला. माळावरच्या सगळ्या झोपड्या निघाल्या, तिची तेवढी ठेवली. जाड तट्ट्या, वर गवताची शाकारणी, पाणी आत येऊ नये म्हणून चर. पावसाळा तिनं तिथंच एकटीनं काढला. पुढं म्युनिसिपालिटीनं नियम केला की घर राहण्याजोगं आहे हे आत उभं राहून पाहिल्याशिवाय कुणाचा तात्पुरता निवारा मोडायचा नाही, आणि एकट्या बाईच्या घराला मजूर म्युनिसिपालिटी देईल. माझी बदली होईपर्यंत तरी तो पाळला जात होता. सेक्रेटरी तोंडानं "एकही माणूस उघड्यावर नाही" म्हणायचे मात्र बंद झाले.

दिवाळीनंतर तिच्या भिंतीचं काम लागणार होतं, आणि दिवाळीतच माझा बदलीचा हुकूम आला. दूरचा जिल्हा होता. निघायच्या दुपारी मी माळावर गेलो. ती झोपडीपुढे मेथीच्या जुड्या बांधत होती. मैदानात मी वेगळे काढलेले कवेलू तिच्या मागे एकावर एक लावून ठेवले होते. पुरं घर झाकेल इतके ते राहिले नव्हते. निम्मं छप्पर होईल एवढे होते.

मी बदलीचं सांगितलं. ती म्हणाली, "भित झाली का या. पानी प्याले या." मी हो म्हटलं. दोघांनाही ठाऊक होतं की फौजदार बदलीच्या गावाहून कुणाच्या भिंतीसाठी परत येत नाही.

आता निवृत्त होऊन भाड्याच्या खोलीत राहतो. जन्म सरकारी क्वार्टरांत गेला, स्वतःचं घर बांधायचं राहूनच गेलं. नवे अधिकारी कधी भेटायला येतात, विचारतात, सर्वांत अवघड तपास कोणता? मी त्यांना सांगतो की बाबांनो, अटक करताना त्या माणसाच्या मागे काय उघडं पडणार आहे ते आधी जाऊन पाहा. कागद दोन दिवस थांबला तर कुणी मरत नाही. बेघर माणसाला हाकलणं, धर्मशाळेत नेऊन टाकणं हे आपण पोलीस बरं करतो. पण घर असलेला माणूस बेघर होतो तो कसा, हे मी माझ्याच हातानं करून शिकलो. ते ऐकतात, चहा पितात आणि जातात.

मला मात्र अजून त्या गावी जावंसं वाटतं. इतकं वाटतं की कधी दुपारी पडलो असताना वरच्या सपाट, पांढऱ्या छताकडे बघवत नाही, कूस बदलतो. तिचं घर उभं राहिलं का, ती त्यात एकदा तरी झोपली का, हे मला पाहायचं होतं. वाशीमवरून गाडीनं गेलो तेव्हाही उतरलो नाही. हिंमत झाली नाही.

कारण त्या शेवटच्या दुपारी मी वळलो तेव्हा तिनं मागून हाक मारली होती.

"सायब, एक सांगा. तुमी मले धरलं नसतं तं माही भित पडली नसती. अन् धरलं नसतं तं साऱ्या गावाले आपले कवेलू भेटले नसते. आता मी तुमाले शिव्या देऊ का आशीर्वाद? मले तं समजून नाई राह्यलं. तुमी शिकलेले, तुमीच सांगा."

मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. ती वाट पाहत होती, खरोखरच वाट पाहत होती. त्या बाईला द्यायला माझ्याकडे उत्तर असतं, तर इतक्या वर्षांत मी केव्हाच तिच्या दारात जाऊन पाणी मागितलं असतं.